चांगलं नर्सिंग होम कशावरून ओळखायचं? डॉक्टर, सिस्टर आणि मावशींच्या टीमवर काय काय अवलंबून असतं?

समजा, रात्रीचे अडीच वाजलेत. रिसोड तालुक्यातल्या एका गावातून आलेल्या बाईची तासाभरापूर्वी नॉर्मल डिलिव्हरी झाली आहे. बाळ चांगलं रडलं. नातेवाईक पेढ्यांसाठी सकाळ व्हायची वाट बघतायत. डॉक्टर वरच्या मजल्यावरच्या आपल्या घरी झोपायला गेलेत. खाली ड्युटीवर एक सिस्टर आणि एक मावशी. चादर बदलताना मावशींना वाटतं, रक्त जरा जास्तच जातंय. त्या सिस्टरला सांगतात. सिस्टर येऊन बघते. तिलाही तसंच वाटतं, पण खात्री नाही.

आता ती डॉक्टरांना उठवेल का?

मागच्या आठवड्यात तिने असंच उठवलं होतं, काही निघालं नव्हतं आणि "एवढंसुद्धा कळत नाही का?" असं सगळ्यांसमोर ऐकावं लागलं होतं. असं झालं असेल तर ती बहुतेक अजून थोडा वेळ थांबेल. तेव्हा "बरं झालं उठवलंस, शंका आली की असंच उठवत जा" असं ऐकायला मिळालं असेल, तर ती लगेच फोन करेल.

बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव हे जगभरात मातामृत्यूचं सगळ्यात मोठं कारण आहे. त्यात वाया गेलेला अर्धा तास जीवघेणा ठरू शकतो. म्हणजे त्या रात्री बाईचा जीव औषधांवर आणि डॉक्टरांच्या डिग्रीवर अवलंबून आहेच, पण आठवडाभरापूर्वी डॉक्टर सिस्टरशी कसे बोलले होते यावरही अवलंबून आहे.

व्यवस्थापनाच्या भाषेत याला नेतृत्व आणि टीमची संस्कृती म्हणतात. शब्द मोठे आहेत, पण दहा-पंधरा खाटांच्या नर्सिंग होममध्ये त्यांचा अर्थ इतका साधा असतो. हे सगळं कसं चालतं आणि पेशंट म्हणून आपल्याला त्यातलं काय ओळखता येतं, ते समजून घेऊया.

नर्सिंग होम म्हणजे नेमकं काय?

अमेरिका किंवा युरोपात नर्सिंग होम म्हटलं की लोकांना वृद्धांची कायमची देखभाल करणारी जागा आठवते. आपल्याकडे अर्थ वेगळा आहे. महाराष्ट्रात नर्सिंग होम म्हणजे पेशंट दाखल करून घेणारा, उपचार आणि शुश्रूषा पुरवणारा खासगी दवाखाना. प्रसूतिगृहंही त्यातच येतात.

त्यासाठीचा कायदा स्वातंत्र्यानंतर दोनच वर्षांनी झाला. १९४९चा बॉम्बे नर्सिंग होम्स रजिस्ट्रेशन अ‍ॅक्ट. आज तो महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम म्हणून ओळखला जातो. सरकारी भाषेतला 'शुश्रूषागृह' हा शब्द बोलण्यात कुणी वापरत नाही, पण त्यात एक महत्त्वाची गोष्ट आहे. कायद्याने या जागेचं नाव डॉक्टरांच्या कामावरून ठेवलेलं नाही, शुश्रूषेवरून ठेवलंय. डॉक्टर राउंडला येऊन जातात. उरलेला सगळा वेळ पेशंट सिस्टरच्या हवाली असतो.

केंद्र सरकारने २०१०मध्ये क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायदा केला, पण महाराष्ट्राने तो स्वीकारला नाही. इथे जुन्याच कायद्याच्या नियमांमध्ये २०२१ साली मोठे बदल झाले. रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं आणि दरांची माहिती देणं बंधनकारक झालं. तक्रार कुठे करायची याचीही व्यवस्था नियमांत आली. महापालिका असलेल्या शहरात नोंदणी आणि देखरेख महापालिकेचा आरोग्य विभाग करतो. वाशिमसारख्या महापालिका नसलेल्या जिल्ह्यात ते काम जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेकडे असतं.

वाशिममध्ये हा प्रश्न जास्त महत्त्वाचा का?

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचं विभाजन होऊन वाशिम जिल्हा तयार झाला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा हे सहा तालुके. २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ११ लाख ९७ हजारांच्या आसपास, आणि त्यातले दहापैकी आठ लोक खेड्यात राहणारे. २०१८मध्ये केंद्राने आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, त्यात महाराष्ट्रातले चार जिल्हे होते. नंदुरबार, गडचिरोली, तेव्हाचं उस्मानाबाद आणि वाशिम. या कार्यक्रमात जिल्ह्यांची प्रगती मोजताना आरोग्य आणि पोषणाला ३० टक्के वजन दिलं जातं.

केस गुंतागुंतीची झाली की वाशिमकरांच्या तोंडी वर्षानुवर्षं एकच शब्द असतो, "अकोल्याला न्या." वाशिम ते अकोला सुमारे ऐंशी किलोमीटर. काही जण नांदेडची वाट धरतात, काही अमरावती किंवा नागपूरची. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं आणि त्यात वाशिमचंही नाव होतं. १०० जागांचं महाविद्यालय सुरू झालं, ही जिल्ह्यासाठी मोठी गोष्ट आहे. पण नवं वैद्यकीय महाविद्यालय सगळ्या विभागांसह उभं राहायला वर्षं लागतात. तोवर, आणि त्यानंतरही, अडल्या रात्री बऱ्याच जणांना सगळ्यात जवळ सापडतं ते तालुक्याच्या ठिकाणचं ग्रामीण रुग्णालय किंवा एखादं नर्सिंग होम.

मोठ्या शहरात एक हॉस्पिटल आवडलं नाही तर दुसरं गाठता येतं. तालुक्याच्या गावात पर्याय मोजकेच असतात. म्हणून आहेत ती नर्सिंग होम्स चांगली चालणं ही तिथल्या लोकांची गरज आहे.

मालक, डॉक्टर आणि मॅनेजर एकच असला की काय होतं?

मोठ्या हॉस्पिटलात सीईओ असतो, नर्सिंग सुपरिंटेंडेंट असते, एचआर असतं, क्वालिटी विभाग असतो. नर्सिंग होममध्ये हे सगळं बहुतेक वेळा एकाच माणसाच्या किंवा एका डॉक्टर जोडप्याच्या डोक्यावर असतं. सकाळी ओपीडी, दुपारी ऑपरेशन, संध्याकाळी पुन्हा ओपीडी, मधल्या वेळात जनरेटरच्या डिझेलपासून बँकेच्या हप्त्यापर्यंत सगळं.

याचा एक फायदा आहे. निर्णय झटपट होतात. डॉक्टरांनी ठरवलं की उद्यापासून प्रत्येक बेडजवळ हात धुण्याचं लिक्विड हवं, तर ते उद्याच लागतं. कमिटी नाही, फाईल नाही.

तोटाही त्यातच आहे. ज्याच्या हातात पगार आहे त्याच्याच हातात उपचारही आहेत. त्यामुळे "सर, हे इंजेक्शन त्या पेशंटला चालत नाही असं केसपेपरवर लिहिलंय" हे वाक्य बोलायला सिस्टरला मालकाची चूक दाखवावी लागते. छोट्या गावात दुसरी नोकरी सहज मिळत नाही. मग माणूस गप्प बसतो. मालक कितीही भला असला, तरी गप्प बसण्याची सवय आपोआप लागते. ती मोडायची असेल तर मालकालाच मुद्दाम प्रयत्न करावे लागतात.

जास्त चुका नोंदवणारी टीम चांगली कशी?

१९९०च्या दशकात एमी एडमंडसन ही अमेरिकी संशोधक हॉस्पिटलांमधल्या टीम आणि औषधांच्या चुका यांचा अभ्यास करत होती. तिचा अंदाज सरळ होता. ज्या टीममध्ये एकोपा जास्त, तिथे चुका कमी. आकडे उलटे निघाले. चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त होती.

खोलात गेल्यावर उलगडा झाला. त्या टीम जास्त चुकत होत्या असं नाही, त्या चुका सांगत होत्या. बाकीच्या ठिकाणी चुका दाबल्या जात होत्या. पुढे या अभ्यासातून 'मानसिक सुरक्षितता' ही कल्पना जगभर पोहोचली. आपण बोललो तर आपला अपमान होणार नाही, हा विश्वास म्हणजे मानसिक सुरक्षितता.

याचा उपयोग किती होतो, ते अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात दिसलं. तिथल्या शंभरहून अधिक आयसीयूंमध्ये पेशंटच्या मोठ्या रक्तवाहिनीत नळी घालताना पाळायची पाच कामं ठरवली गेली. हात धुवा, पूर्ण निर्जंतुक कापड वापरा, त्वचा योग्य औषधाने स्वच्छ करा, शक्यतो जांघेतली जागा टाळा आणि गरज संपली की नळी काढा. यातलं एकही काम नवं नव्हतं. नवी होती ती एकच गोष्ट. डॉक्टरने एखादी पायरी गाळली तर त्याला थांबवण्याचा अधिकार नर्सला देण्यात आला. २००६मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नळीमुळे होणाऱ्या रक्तातल्या संसर्गाचा मध्यक दर हजार नळी-दिवसांमागे २.७ होता, तो तीन महिन्यांत शून्यावर आला होता.

जागतिक आरोग्य संघटनेची ऑपरेशनसाठीची चेकलिस्टही याच धर्तीची आहे. ती २००८मध्ये आली. आठ शहरांतल्या हॉस्पिटलांमध्ये तिची चाचणी झाली, त्यात दिल्लीही होती. मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं, तर गुंतागुंतीचं ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर. एकूण १९ मुद्द्यांच्या या यादीत एक मुद्दा वाचून अनेकांना हसू येतं. चीर देण्याआधी ओटीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. कारण साधं आहे. ज्याने सुरुवातीला एकदा तोंड उघडलंय, तो पुढे काही चुकताना दिसलं तर पुन्हा तोंड उघडण्याची शक्यता वाढते.

मग भिंतीवर चेकलिस्ट लावली की झालं का?

नाही. आणि याचा पुरावा आपल्याच देशातला आहे.

उत्तर प्रदेशातल्या २४ जिल्ह्यांमधल्या १२० आरोग्य केंद्रांत सुरक्षित बाळंतपणाच्या चेकलिस्टचा मोठा प्रयोग झाला. दीड लाखाहून जास्त बाळंतपणांची माहिती गोळा झाली. निम्म्या केंद्रांमध्ये चेकलिस्टसोबत प्रशिक्षकही जात होते. ते दाईचं काम करणाऱ्या नर्सच्या शेजारी उभं राहून शिकवायचे. दोन महिन्यांनंतर प्रशिक्षक येत असलेल्या केंद्रांत आवश्यक कामांपैकी सुमारे ७३ टक्के कामं होत होती, बाकीच्या केंद्रांत ४२ टक्के. फरक मोठा होता. पण बारा महिन्यांनी, प्रशिक्षकांच्या भेटी संपल्यावर, हाच आकडा ६२ टक्क्यांवर घसरला. आणि २०१७मध्ये अंतिम निष्कर्ष आले तेव्हा माता आणि बाळांच्या मृत्यूंमध्ये फरक पडलेला दिसला नाही.

यातून दोन गोष्टी समजतात. बाहेरून आलेला माणूस सवय लावू शकतो, पण टिकवायचं काम आतल्याच कुणाला तरी करावं लागतं. आणि चेकलिस्ट पाळूनही औषध, रक्त, कौशल्य आणि वेळेवर रेफर करण्याची सोय नसेल तर जीव वाचत नाहीत. टीमची संस्कृती साधनांची जागा घेऊ शकत नाही. ती फक्त असलेली साधनं वेळेवर वापरली जातील, याची खात्री वाढवते.

हे जुळून आलं की काय होतं, त्याचंही उदाहरण आहे. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० हॉस्पिटलांमध्ये बाळंतिणीच्या खाली मापं छापलेलं प्लास्टिकचं कापड ठेवायला सुरुवात झाली. रक्त किती गेलं ते डोळ्यांच्या अंदाजाने ठरवायचं नाही, मोजायचं. ठरलेल्या खुणेला पोहोचलं की सगळे उपचार एकत्रच सुरू करायचे. २०२३मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार गंभीर रक्तस्राव आणि त्यामुळे होणाऱ्या वाईट परिणामांचं प्रमाण ६० टक्क्यांनी कमी झालं. सुरुवातीच्या प्रसंगातल्या सिस्टरची अडचण आठवा. "जास्त वाटतंय" असं सांगायला धीर लागतो. "खुणेच्या वर गेलंय" असं सांगायला तितका लागत नाही.

महाराष्ट्रात असं कुणी केलंय का?

सगळ्यात जुनं आणि ठळक नाव जामखेडचं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या या दुष्काळी तालुक्यात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या जोडप्याने १९७०मध्ये काम सुरू केलं. दोघंही वेल्लोरला शिकलेले, नंतर अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलेले. त्यांनी गावांनी निवडलेल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. त्यातल्या बऱ्याच जणी निरक्षर होत्या, अनेक दलित समाजातल्या होत्या. त्या दर आठवड्याला जामखेडला यायच्या, मागच्या आठवड्यात काय झालं ते सांगायच्या, नवं शिकायच्या आणि गावी जाऊन बाळंतपणं, बाळांची काळजी, पाण्याची स्वच्छता असं काम बघायच्या. १९७९मध्ये आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

जामखेडचं काम नर्सिंग होमपेक्षा खूप मोठं आहे. तरी छोट्या दवाखान्याने घेण्यासारखं त्यात बरंच आहे. डॉक्टरांनी आपल्याकडचं ज्ञान सगळ्यात खालच्या पायरीवरच्या माणसापर्यंत जाऊ दिलं. आणि ते एकदाच ट्रेनिंग देऊन सोडून दिलं नाही, दर आठवड्याला भेटण्याची पद्धत ठेवली.

वाशिममध्ये याचं एक स्थानिक रूप सहज कल्पता येतं. मानोरा तालुक्यात बंजारा समाज मोठ्या संख्येने आहे, पोहरादेवी हे या समाजाचं श्रद्धास्थान तिथेच आहे. तांड्यावरून आलेल्या आजीला मराठी कळतं, पण दुखणं सांगताना ती गोरमाटीच बोलते. दवाखान्यातल्या एखाद्या मावशींना ती बोली येत असेल, तर पेशंटचं नेमकं काय दुखतंय हे डॉक्टरांच्या आधी त्यांना कळतं. प्रश्न इतकाच, की राउंडच्या वेळी त्यांना कुणी विचारतं का?

रोजच्या कामात चांगली टीम कशी दिसते?

चांगल्या आणि वाईट नर्सिंग होममधला फरक सहसा छोट्या छोट्या कामांत असतो.

*ड्युटी बदलताना.* रात्रीची सिस्टर जाते, सकाळची येते. निरोप दाराशी चपला घालता घालता दिला जातो की प्रत्येक खाटेपाशी उभं राहून? आणीबाणीत निरोप देण्याची चार वाक्यांची एक पद्धत जगभर वापरतात. आत्ता काय झालंय, आधी काय होतं, मला काय वाटतंय, काय करायला हवं. तिसरं आणि चौथं वाक्य महत्त्वाचं. त्यात सिस्टरला स्वतःचं मत मांडण्याची परवानगी मिळते.

*फ्रिजजवळ.* बाळंतपणानंतर रक्तस्राव रोखणारं ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावं लागतं. विदर्भाचा उन्हाळा, त्यात लाईट गेलेली. फ्रिजचं तापमान दिवसातून दोनदा बघून वहीत लिहायचं काम नेमकं कुणाचं, हे ठरलेलं नसेल तर ते कुणाचंच नसतं. औषध दिलं जातं, फक्त ते काम करत नाही.

*कचऱ्याच्या डब्यांपाशी.* २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार चार रंग ठरलेले आहेत. पिवळ्यात रक्ताने भिजलेले बोळे वगैरे, लालमध्ये सलाईनच्या नळ्या आणि हातमोजे, पांढऱ्या जाड डब्यात सुया, निळ्यात काच. सुई चुकून लाल पिशवीत गेली तर ती टोचते मावशींना, डॉक्टरांना नाही. याच नियमांत कर्मचाऱ्यांना दरवर्षी प्रशिक्षण आणि हिपॅटायटिस बी, धनुर्वाताची लस देणं बंधनकारक आहे. मावशींचं लसीकरण झालंय का, या एका प्रश्नाच्या उत्तरावरून मालक टीमकडे कसं बघतो ते कळतं.

*रेफर करताना.* आपल्याकडे होणार नाही हे वेळेवर ओळखणं हेही कौशल्य आहे. चांगली टीम पुढच्या हॉस्पिटलला आधी फोन करते, आत्तापर्यंत दिलेल्या औषधांची वेळेसह चिठ्ठी देते आणि १०८ किंवा दुसऱ्या अ‍ॅम्ब्युलन्सची सोय बघते. वाईट टीम "अकोल्याला न्या" एवढंच म्हणते.

*सरावात.* बाळ रडलं नाही तर पहिल्या मिनिटाच्या आत श्वास द्यायला सुरुवात करायची असते. फुगा कुठे आहे हे शोधण्यात ते मिनिट जाऊ शकतं. म्हणून महिन्यातून एकदा, पेशंट नसताना, प्लास्टिकच्या बाहुलीवर सराव करणारी टीम वेगळी ठरते. आगीच्या सरावाचंही तसंच. ९ जानेवारी २०२१च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयातल्या नवजात शिशु कक्षात आग लागून दहा बाळांचा जीव गेला. त्यानंतर राज्यभर हॉस्पिटलांच्या फायर ऑडिटची चर्चा झाली. अग्निशामक नळकांडं भिंतीवर असतं, पण ते चालवायला रात्रपाळीतल्या कुणाला येतं हेही विचारायला हवं.

चांगली माणसं टिकत का नाहीत?

प्रशिक्षित नर्स व्हायला एएनएमचा दोन वर्षांचा किंवा जीएनएमचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम करावा लागतो आणि नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी लागते. शिकलेली मुलगी थोडा अनुभव मिळाला की पुण्या-मुंबईची किंवा सरकारी नोकरीची वाट धरते. मग छोटे दवाखाने कमी पगारात अप्रशिक्षित मुलींना ठेवतात, पांढरा ड्रेस घालतात आणि गाव त्यांनाही सिस्टरच म्हणतं.

पैशांच्या बाबतीत नर्सिंग होम मोठ्या हॉस्पिटलशी स्पर्धा करू शकत नाही, हे खरं. पण नोकरी सोडण्याचं कारण दर वेळी पगारच असतो असं नाही. ड्युटीचा तक्ता महिनाभर आधी लागतो का, सलग दोन पाळ्या कराव्या लागतात का, रात्रपाळीनंतर घरी जायची सोय आहे का, मासिक पाळीत बसायला जागा आहे का, पेशंटच्या नातेवाइकाने आवाज चढवला तर डॉक्टर कुणाच्या बाजूला उभे राहतात, यावरही ते ठरतं. बारा-चौदा तास उभी राहिलेली सिस्टर चुकणार, यात तिचा दोष शोधण्यात अर्थ नाही.

सर्टिफिकेटवर किती भरवसा ठेवायचा?

१९४९च्या कायद्याखालची नोंदणी ही किमान अट आहे. ती नसेल तर पुढचं काही बोलायलाच नको. त्यापलीकडे ऐच्छिक मानकं आहेत. २००५मध्ये सुरू झालेलं एनएबीएच हे देशातलं हॉस्पिटलांना मानांकन देणारं मंडळ. ५० खाटांपर्यंतच्या लहान हॉस्पिटलांसाठी त्यांची वेगळी मानकं आहेत. सरकारी प्रसूतिगृहांसाठी केंद्राचा 'लक्ष्य' कार्यक्रम २०१७मध्ये आला. खासगी प्रसूतिगृहांसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या फॉग्सी या संघटनेचा 'मान्यता' हा उपक्रम आहे, त्यात १६ वैद्यकीय मानकं आहेत. महाराष्ट्रात या दोन्हींची सांगड घालून 'लक्ष्य-मान्यता' राबवली गेली.

सर्टिफिकेट असणं चांगलंच. त्यासाठी तयारी करताना टीम बरंच शिकते. पण तपासणीला माणसं येणार म्हणून आठवडाभर भरलेल्या वह्या आणि रोज भरलेल्या वह्या यात फरक असतो, आणि तो सर्टिफिकेटच्या फ्रेमकडे बघून कळत नाही.

काही वाईट घडलं तर?

टीमची खरी परीक्षा तेव्हा असते. पेशंट दगावतो, बाहेर नातेवाइकांची गर्दी जमते. महाराष्ट्रात २०१०पासून डॉक्टर आणि कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांविरोधात कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. हल्ल्याचं समर्थन कशानेही होऊ शकत नाही. पण अनेकदा राग वाढतो तो कुणी काही सांगत नाही म्हणून. रिसेप्शनवरचा मुलगा म्हणतो डॉक्टर येतील, सिस्टर म्हणते मला माहीत नाही, डॉक्टर मागच्या दाराने निघून गेलेले. पेशंटची तब्येत बिघडायला लागल्यापासून दर तासाला एकाच ठरलेल्या माणसाने बसून बोलायचं, हा नियम पाळणाऱ्या ठिकाणी वातावरण वेगळं असतं.

दुसरी बाजू डॉक्टरांच्या भीतीची. १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६मध्ये वैद्यकीय उपचारादरम्यान निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास नोंदणीकृत डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. मात्र डॉक्टरला फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरवायला साधी चूक पुरेशी नाही, निष्काळजीपणा गंभीर असावा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५मध्ये स्पष्ट केलंय. तरीही भीती असतेच, आणि भीतीपोटी केसपेपर नंतर 'नीट' केले जातात. तिथेच शिकण्याची संधी जाते. काय चुकलं हे टीममध्ये मोकळेपणाने बोललंच गेलं नाही, तर पुढच्या पेशंटच्या वेळी तेच घडतं.

तुमचे हक्कही माहीत असू द्या. केसपेपरची प्रत मागितली तर ७२ तासांत द्यावी लागते. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्क सनदेनुसार बिल थकलं म्हणून पेशंट किंवा मृतदेह अडवून ठेवता येत नाही.

पेशंट म्हणून तुम्ही काय बघू शकता?

डिलिव्हरी किंवा ऑपरेशन ठरलेलं असेल तर तुमच्याकडे वेळ असतो. आधी एकदा जाऊन बसा आणि एवढं बघा किंवा विचारा:

- नोंदणी प्रमाणपत्र, रुग्णहक्कांची सनद आणि दरांची माहिती सहज दिसते का?
- रात्री कोण असतं? प्रशिक्षित सिस्टर किती? डॉक्टर किती मिनिटांत येऊ शकतात?
- एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाताना हात धुतले जातात का?
- इंजेक्शन देण्याआधी सिस्टर नाव विचारते का?
- रक्त लागलं तर कुठून आणणार? रेफर करावं लागलं तर कुठे, आणि गाडी कुणाची?
- डॉक्टर तुमच्यासमोर सिस्टरशी आणि मावशींशी कसे बोलतात?

शेवटचा मुद्दा सगळ्यात सोपा आहे, कारण तो बघायला वैद्यकीय ज्ञान लागत नाही. ओपीडीत अर्धा तास बसलात तरी कळतं. सिस्टरने काही सांगितल्यावर डॉक्टर मान वर करून ऐकतात, की तिचं वाक्य पूर्ण होण्याआधीच खेकसतात?

पहिल्या प्रकारचे डॉक्टर असतील, तर रात्री अडीच वाजता त्यांच्या घराची बेल वाजण्याची शक्यता जास्त आहे.